सहापैकी एक ओळ खोटी

मी विमा कंपनीत दावे तपासते. गाडी ठोकली, दुकान जळलं, पाईप फुटून घराचं तळं झालं, असे अर्ज माझ्या टेबलावर येतात आणि पाणी नक्की कुठे मुरतंय ते मी शोधते. पंधरा वर्षं हेच करतेय. माझा स्वभाव संशयी झालाय असं घरचे म्हणतात. म्हणेनात का! मी संशय घेतला नसता तर एकाच माणसाची एकच सायकल तीनदा चोरीला गेली असती.

त्या दिवशी शाळेत पालकांना बोलावलं होतं. मुलगी चौथीत. तिला आम्ही खारू म्हणतो, कारण मिळेल ती वस्तू कुठेतरी दडवायची तिला लहानपणापासून खोड. वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधून, कपडे वाळत घालावेत तशा चिमट्यांनी पोरांच्या कविता लटकवल्या होत्या. मी खारूची शोधून काढली.

*आमचं घर*

*आमच्या नळाला बारा महिने सर्दी असते.*
*फ्रिजच्या मागे एक चमचा एकटाच राहतो.*
*फोटोतले आजोबा आमच्याकडे नाही, दाराकडे बघतात.*
*बाबा गुरुवारी हिरव्या दाराच्या घरात जातात, आईला सांगत नाहीत.*
*मी कुंडीत माझा दात पेरलाय.*
*आई ओरडते तेव्हा मला भीती वाटत नाही.*

चौथी ओळ मी तीनदा वाचली. दर गुरुवारी नवऱ्याला उशीर होतो. तो छापखान्यात आहे. गुरुवारी मशीन धुवायचं असतं, असं मला गेलं वर्षभर सांगण्यात आलं होतं. सरळ सांगते, माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो दुसऱ्या बाईचा. तो स्वतः आज शाळेत आला नव्हता, रजा मिळाली नाही म्हणे. म्हणे!

वर्गाच्या बाई बाहीला खडू लागलेल्या अवस्थेत दोरीखाली उभ्या होत्या. मी त्यांना गाठलं.

"बाई, हे काय लिहून घेताय पोरांकडून?"

"कविता."

"ना यमक, ना काही!"

"आलं तर येऊ दे म्हणते मी. त्याच्या मागे लागली की मुलं 'फूल'ला 'मूल' जोडतात आणि सुटतात." मग माझं तोंड बघून त्या म्हणाल्या, "आमच्या वर्गाचा एक नियम आहे. प्रत्येक कवितेत एक ओळ खोटी हवी. एकच. ती कुठली, हे कुणी विचारायचं नाही. मीसुद्धा विचारत नाही."

"म्हणजे शाळेत आता खोटं बोलायला शिकवता?"

"एक खोटं चालेल म्हटलं की मुलं बाकीचं खरं लिहितात हो. नाहीतर चाळीसच्या चाळीस वह्यांत 'माझी आई मला फार आवडते' येतं."

नंतर त्यांनी आम्हा पालकांना मागच्या बुटक्या बाकांवर बसवून मुलांचा तास घेतला. टेबलावर काडी मोडलेली एक छत्री ठेवली आणि विचारलं, "हिला काय होतंय?" एकजण म्हणाला, तिचं कोपर दुखतंय. बाईंनी ते फळ्यावर लिहिलं. शेजारी लिहिलं, छत्री मोडली आहे. "या दोन्हींत फरक काय?" एक बारकीशी मुलगी म्हणाली, "कोपर म्हटलं की आपलं पण दुखतं." पालक कौतुकाने हसले. खारूने तीनदा हात वर केला म्हणे. मी पाहिलं नाही. मी तिच्या सहा ओळी माझ्या डायरीत उतरवून घेत होते.

आता माझा हिशोब सोपा होता. सहापैकी एक खोटी. बाकीच्या पाच खऱ्या निघाल्या तर खोटी ओळ नवऱ्याची, आणि माझा संसार शाबूत. तपासायचं आणि मोकळं व्हायचं.

नळाला तपासायची गरज नव्हती, तो लग्नाआधीपासून गळतोय. रविवारी दुपारी बापलेक बाहेर गेल्यावर मी एकटीने फ्रिज ओढला. कंबर धरली, पण मागे जळमटांत चमचा सापडला. खूण केली. मग सासऱ्यांच्या फोटोसमोर उभी राहिले. स्वयंपाकघराकडून, खिडकीकडून, सोफ्यावर बसून, सगळीकडून पाहिलं. खरंच की, म्हातारा दाराकडेच बघत होता! दहा वर्षं फोटो पुसतेय, कधी लक्षात आलं नाही. खूण केली.

राहिला दात. गॅलरीत चार कुंड्या. माती वर्तमानपत्रावर ओतून मी चहाच्या गाळण्याने चाळत बसले. तिसऱ्या कुंडीत, तांदळाएवढा, दात! मी तो तळहातावर घेऊन एकटीच हसले. इतका आनंद मला तो दात पहिल्यांदा आला तेव्हाही झाला नसेल.

सहाव्या ओळीवर मी फ्रिज ओढायच्या आधीच खूण करून टाकली होती. त्यात तपासायचं काय? माझी पोरगी आहे, ती कशाला घाबरेल? मी ओरडते, ओरडत नाही असं नाही. पण ओरडणं आणि जीव असणं एकाच घरात नांदतं, हे पोरांना कळतं.

पाच खऱ्या. म्हणजे नवरा सुटला. त्या संध्याकाळी मी त्याला दोनदा चहा करून दिला. "आज काय विशेष?" त्याने विचारलं. "का, चहा द्यायला कारण लागतं?" मी म्हटलं.

पण जित्याची खोड! फाईल बंद करण्याआधी मी शेवटचा एक फोन करतेच. बुधवारी खारूच्या चित्रकलेच्या क्लासला फोन लावला. गुरुवारी मशीन धुवून झालं की तिला आणायचं काम नवऱ्याकडे, आणि दोघं घरी येतात साडेसातला; क्लास तोवर चालतो असं मी धरून चालले होते.

"क्लास किती वाजता सुटतो हो?"

"सहाला," तिकडून उत्तर आलं. "नेहमी सहालाच."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दीड तास! आणि पोरीला बरोबर घेऊन!

गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि क्लाससमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात आधार कार्डाच्या नाही नाही त्या प्रती काढत उभी राहिले. सहा वाजता नवरा आला. खारूचं दप्तर त्याने खांद्याला अडकवलं आणि दोघं रमतगमत निघाले. खारू सारखी बडबडत होती, हातवारे करत होती, मध्येच उलटी चालत होती. माझ्याबरोबर येताना ती अशी चालत नाही, हे दिसलं मला. पण तेव्हा माझं लक्ष दाराकडे.

दोन गल्ल्या सोडून एक घर आलं. दार हिरवं. नवऱ्याने चपला काढल्या, खारूने काढल्या, दोघं आत. मी पाच मिनिटं थांबले. मग बेल दाबली, आणि दाबूनच धरली.

दार उघडलं एका म्हाताऱ्याने. कपाळावर घड्याळजीचं भिंग सरकवलेलं. त्याच्या मागे भिंतभर घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी. जमिनीवर बुद्धिबळाचा पट, पटाशी माझा नवरा, बोट वजिरावर. आणि खारू मांडी घालून बसलेली, मेलेली प्यादी ओच्यात घेऊन.

"तू?" नवरा म्हणाला.

"कोण आहे इथे?" मी आत घुसत ओरडले. "बाई कुठेय?"

"बाई? कसली बाई? आजोबा आहेत आणि मी आहे. खेळतोय आम्ही."

"मग वर्षभर लपवलंस कशाला?"

नवऱ्याने वजिरावरचं बोट काढलं. "सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस. कोण आहेत, कधीपासून ओळख, किती वाजता गेलास, कोण जिंकलं. तुझं चुकतं असं नाही म्हणत मी. पण आठवड्यातून एक तास असा हवा होता की कुणी काही विचारणार नाही."

बोचलं. पण खरं सांगू? त्या क्षणी ते मला लागलंच नाही. बाई नव्हती! मला इतकं हलकं वाटलं की मी मोठमोठ्याने हसायला लागले. घड्याळजीआजोबाही बिचारे घाबरून हसले.

"म्हणजे ही पण ओळ खरीच की गं, खारू!" मी ओरडले आणि हात वर करून बोटं मिटायला लागले. "नळ खरा. चमचा खरा, सापडला मला. फोटोतले आजोबा खरे. दात खरा. आणि हे हिरवं दार, तेही खरं!"

पाच बोटं मिटली. सहाव्यासाठी मी दुसरा हात वर केला आणि तो तसाच राहिला.

खारू माझ्या त्या हाताकडे बघत होती. ती झटकन उभी राहिली, ओच्यातली प्यादी खडखडत सगळीकडे सांडली आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"मी काही नाही केलं," ती म्हणाली. "आई, मी काही नाही केलं. मी उचलते."

  मी हात खाली घेतला आणि गुडघ्यांवर बसून प्यादी गोळा करायला लागले. जमेल तितक्या हळू आवाजात विचारलं, "खारू, भीती वाटते का गं माझी?"

"नाही," ती लगेच म्हणाली. माझा प्रश्न पुरता संपलाही नव्हता.

पंधरा वर्षं माझ्यासमोर माणसं बसतात. खरं बोलणारा आधी जरा आठवतो, मग बोलतो. इतक्या झटपट जो नाही म्हणतो, त्याच्या अर्जावर मी काय शेरा मारते ते मला पाठ आहे. आणि नियम असा होता की ती ओळ कुठली, हे तिला कुणी विचारायचंच नाही. त्या नियमाच्या भरवशावर पोरीने ती लिहिली होती. मी त्या परक्या माणसाच्या घरात, हातात प्यादी घेऊन, हुंदके देत रडले. खारू जरा लांबच उभी होती. जवळ यावं की नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं.