पुत्र रादिशाने उभारिले

व्हिएन्नाहून रादिशाने फोनवर पुन्हा तेच सांगितलं: आईला कुठल्याही ऐऱ्यागैऱ्या वृद्धाश्रमात टाकायचं नाही. ठेवायचं तर उत्तम ठिकाणीच, नाहीतर गाव काय म्हणेल. झागोर्काने फोन खांद्याशी दाबून धरला आणि दोन्ही हातांनी आईच्या पाठीखालची ओली चादर ओढून काढली. तीस वर्षं हा भाऊ उंटावरून शेळ्या हाकतोय, आणि शेळी कोण, तर ही.

आई, म्हणजे रोसांदा, खुबा मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेली. जीभ तेवढी शाबूत. झागोर्का स्वतः साठीच्या पुढची, कमरेला पट्टा बांधून वावरणारी. डॉक्टरने तिला स्पष्ट सांगितलं होतं, आईला उचलणं थांबवा, नाहीतर तुम्हालाच उचलायला माणूस लागेल. म्हणून तर शोधाशोध चालली होती. पहिल्या आश्रमात दारातच मुताचा वास आला. दुसऱ्यात सगळ्या म्हाताऱ्या एकसारख्या करड्या झग्यांत टीव्हीपुढे बसवलेल्या, आणि टीव्ही बंद. पेत्रोवात्स शहराबाहेरचा तिसरा मात्र मनात भरला. तिथे सूप गरम होतं, आणि एक आजी स्वयंपाकिणीशी मिठावरून भांडत होती. भांडायची मुभा आहे म्हणजे जागा चांगली, असं झागोर्काने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

पण खर्च आईच्या पेन्शनच्या दुप्पट. खाट शुक्रवारपर्यंतच राखून ठेवणार होते. उरलेला अर्धा भाग तू भर, असं तिने रादिशाला सांगितलं, तर साहेबांनी हात वर केले. "ताई, यंदा जरा ओढाताण आहे गं," म्हणाला. "तू आहेस ना तिथे."

बुधवारी बाजारात थडग्यांचे दगड घडवणारा पेरिशा भेटला. त्याने तिचं अभिनंदनच केलं, आणि दगड तयार आहे, बघून जा म्हणाला. कसला दगड ते झागोर्काला ठाऊक नव्हतं. ती त्याच्या मागोमाग अंगणात गेली आणि कपाळाला हात लावून उभी राहिली.

तिच्याहून उंच काळा ग्रॅनाइट. त्यावर आई, डोक्यापासून पायापर्यंत कोरलेली, हातात फुलं. जन्मसाल, आडवी रेघ, पुढे कोरी जागा. आणि खाली ठसठशीत अक्षरांत: आईच्या स्मरणार्थ पुत्र रादिशाने उभारिले. किंमत विचारली तर पेरिशाने अभिमानाने सांगितली. तेवढ्या पैशांत आश्रमाच्या खर्चातला त्याचा अर्धा वाटा तीन वर्षं निघाला असता.

"आई जिवंत आहे अजून," झागोर्का म्हणाली.

"मग बरंच की. बघायला तरी मिळेल तिला," पेरिशा म्हणाला. त्याचं काय चुकलं होतं? परदेशी गेलेला गावातला प्रत्येक मुलगा हेच करतो. निम्मी दफनभूमी जिवंत माणसांच्या चित्रांनी भरलीय. पैसे परत दे म्हटलं, तर कोरलेला चेहरा आता मी कुणाला विकू, असं त्याने विचारलं.

घरी येईपर्यंत तिचा संताप डोक्यात गेला होता. जित्या आईच्या चादरीला पैसा नाही आणि मेलेल्या आईला ग्रॅनाइट! तिने फोनमधला फोटो आईपुढे धरला आणि सगळं भडाभडा बोलून टाकलं. रोसांदाने फोटो बराच वेळ न्याहाळला.

"डोक्यावरचा रुमाल फुलांचा काढलाय ना?" तिने विचारलं.

झागोर्का मटकन खुर्चीत बसली. अशा बाईसाठी आपण कंबर मोडून घेतली. पण म्हातारीने हात पुढे केला होता. "लाव त्याला फोन."

"रादिशा, दगड छान झालाय रे," ती म्हणाली. "आता ऐक. आश्रमाचे पैसे तू भरणार नसशील, तर मी मेल्यावर बेलग्रेडला नेऊन मला जाळायचं, असं मी झागोर्काला सांगून ठेवते. राख राहील बरणीत. तुझा दगड उभा राहू दे रिकामा."

त्या गावात आजवर माणूस पुरलाच जात आला होता; जाळल्याचं कुणी ऐकलंसुद्धा नव्हतं. रादिशाला ते दिसलंच असणार: रिकाम्या थडग्यावर आपलं नाव, आणि गाव येता-जाता हसणार. गुरुवारी दुपारी पैसे जमा झाले, एकदम वर्षभराचे.

पंधरा दिवसांनी झागोर्का धुतलेले झगे आणि चीज भरलेली पापुद्र्यांची गिबानित्सा घेऊन आश्रमात गेली. आईच्या उशाशी त्या दगडाचा फोटो होता, चांगला चौकटीत बसवलेला. शेजारच्या खाटेवरच्या बाईला कौतुक ऐकवणं चाललं होतं. "माझ्या मुलाने उभारलाय. पंचक्रोशीत नाही असा."

"आणि ह्या कोण?" त्या बाईने विचारलं. "नवीन नर्स?"

"छे. ही झागोर्का, माझी मुलगी," रोसांदा म्हणाली. "ही काय, असतेच."

झागोर्काने गिबानित्सा कापली. पहिला तुकडा त्या शेजारणीला दिला. आई उशीवरून घसरली होती, तसं खाल्लं तर घास अडकला असता. नर्सला हाक मारायला हवी होती, पण झागोर्का सवयीने तिला उचलायला वाकलीच, पट्ट्यासकट. आईचं रादिशापुराण चालूच होतं. बोलता बोलता, न बघताच, तिने हात वर करून झागोर्काच्या गळ्यात टाकला.