माझी भोकं बुजवली त्याची तक्रार

मी एक जुना बोलिंगचा चेंडू आहे आणि सध्या भयंकर चिडलेला आहे. मित्रांनो, यष्ट्या उडवणारा तो लाल चेंडू मी नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. तो खिशात मावतो. माझं वजन सहा किलोंच्या वर. तेल लावलेल्या गुळगुळीत लाकडी पट्टीवरून मी घरंगळत जातो आणि टोकाला ऐटीत उभ्या असलेल्या दहा पिना आडव्या करतो. निदान करायचो.

माझा जन्म कारखान्यातल्या साच्यात झाला. हिरवं अंग आणि त्यात तांबड्या लाटा. आमचा तो नमुना दोन वर्षं निघाला आणि बंद झाला. जास्त वळणारे, जास्त चकचकीत चेंडू आले आणि आमचा साचा भंगारात गेला. आम्हाला कुणी विचारलं नाही.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यावरूनच झाला. जन्मतः आम्हाला भोकं नसतात. ज्याने विकत घेतलं त्याच्या हाताचं माप घेऊन मग ती पाडतात. मला घेतलं एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी. त्यांना सगळे सुईताई म्हणत. बोलिंगच्या हॉलशेजारी ड्रिलवाल्या काकांचं छोटंसं दुकान होतं. काकांनी ताईंची बोटं मोजली आणि अंगठ्यापाशी थांबले.

"ताई, हा घट्टा कसला?"

"कात्रीचा. वीस वर्षांचा आहे, आता कुठे जातोय तो!"

काकांनी अंगठ्याचं भोक जरा लांबट पाडलं, घट्ट्याला जागा ठेवून. त्यानंतर ताईंचा हात माझ्यात असा बसायचा की बस्स.

दर बुधवारी संध्याकाळी आपलं शिवणाचं दुकान बंद केलं की ताई आणि त्यांच्या तीन मैत्रिणी खेळायला यायच्या. प्रत्येक फेकीनंतर ताई माझ्या अंगावरचं तेल फडक्याने पुसायच्या. कोपऱ्यातली एकटी उरलेली पिन मी पाडली की त्या ओरडायच्या, "माझा गुणाचा गं तो!" अशी सोळा वर्षं गेली. खोटं कशाला बोलू, फार सुखाची गेली.

मग ताईंचं मनगट दुखायला लागलं. शस्त्रक्रिया झाली. शिवणही बंद, खेळही बंद. मला पिशवीतून काढून स्वयंपाकघराच्या दाराला लावलं, वाऱ्याने आपटू नये म्हणून. दार अडवायला मी! पण मी गप्प राहिलो, कारण डॉक्टर म्हणाले होते की दीड वर्षाने हात बरा होईल. ताई दिवस मोजत होत्या. मीही मोजत होतो.

एवढ्यात ताईंच्या भाच्याला कुठूनसं कळलं की आमचा नमुना बंद झालाय.

"मावशी, असाच एक परवा केवढ्याला गेला माहितीये? अगं, दाराला काय लावतेस त्याला!"

"गेला असेल. माझा कुठे जाणार नाही. पुढच्या महिन्यात मी खेळायला लागणार आहे."

भाचा हो म्हणाला. आणि ताई चार दिवस लेकीकडे गेल्या तेव्हा या शहाण्याने मला उचललं. त्याने पाहिलेल्या फोटोतल्या महागड्या चेंडूला भोकं नव्हती. म्हणजे भोकं बुजवली की आपलाही महाग होणार, असा त्याचा हिशेब! त्याने मला नेलं कुठे, तर गाड्यांचे पोचे काढणाऱ्याकडे. त्या बाबाने माझ्या तिन्ही भोकांत पुट्टी दाबली, घासली आणि वर गाडीचं पॉलिश मारलं. मित्रांनो, माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

मग जुने चेंडू जमवणारे एक गृहस्थ मला बघायला आले. त्यांनी माझ्यावर नख वाजवलं आणि कपाळाला हात लावला.

"अहो, हे काय करून ठेवलंत? बंद झालेला प्रत्येक चेंडू काही दुर्मीळ होत नाही. लोक शोधतात ते मोजकेच, तेसुद्धा कधीच न खेळलेले, खोक्यासकट. भोकं असती तर एखाद्या खेळणाऱ्याने तरी नेला असता. आता हा ना खेळायचा, ना ठेवायचा."

वा रे न्याय! ज्याने उभ्या जन्मात एक पिन पाडली नाही, खोक्यात लोळत राहिला, त्याचं कौतुक. आणि सोळा वर्षं राबलेला मी बिनकामाचा. हद्द झाली!

ताई परत आल्या. आल्या आल्या त्यांनी माझ्यावर हात ठेवला आणि अंगठा घसरला. परत ठेवला, परत घसरला.

"माझ्या बोटांची जागा होती ती. तुला कुणी सांगितलं होतं?"

"मावशी, मला वाटलं, तुझा हात आता..."

"आता काय? बोल ना पुढे!"

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचंच होतं ते, मी ओळखतो त्यांना. त्यांनी त्यालाच मला उचलायला लावलं आणि ड्रिलवाल्या काकांकडे आणलं. काकांनी पुट्टी पोखरून काढली, तिथे पक्का मसाला भरला आणि ताईंचं माप नव्याने घेऊन पुन्हा भोकं पाडली. घट्टा गेला होता आणि अंगठा बारीक झाला होता. जुनी भोकं सैलच पडली असती, असं काका म्हणाले. पण म्हणून भाच्याने उपकार केले असं कुणी म्हणाल तर खबरदार! बाईचा हात विचारून मोजायचा असतो.

मसाल्याचा रंग काही माझ्याशी जुळला नाही. "डाग दिसतात हो," काका ओशाळून म्हणाले.

"दिसू देत. ठिगळ कपड्याला लावतात ते वापरायचा असतो म्हणूनच ना?" ताई म्हणाल्या.

पुढचा महिना लागला आणि बुधवारी आम्ही खेळलो. पहिल्याच फेकीत मी सरळ बाजूच्या पन्हळीत गेलो, एक पिनही हलली नाही. भाचा "अरेरे" म्हणाला. ताईंनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी मला पुसलं, पुन्हा बोटं घातली आणि दुसऱ्या फेकीत सात पिना झोपवल्या.

तर मित्रांनो, तुमच्या घरातही बनायचं बंद झालेलं काहीतरी असेलच. त्याची किंमत किती येईल, हे शोधत बसू नका. ते ज्याचं आहे त्या माणसापाशी जा आणि विचारा, तुला अजून खेळायचंय का? तो हो म्हणाला, तर मुकाट्याने बाजूला व्हा आणि त्याला फेकू द्या.