विंकोचा हात

ब्रीनाने स्कीला अडकवलेल्या बुटामागची कळ दाबून पाहिली, मग पुन्हा दाबून पाहिली, आणि उडीच्या मनोऱ्यावरच्या थंडगार दांडीवर जरा पुढे सरकून बसली. खाली, उताराच्या डाव्या कडेला, मोजणाऱ्यांची रांग उभी होती. बर्फात आकड्यांच्या पाट्या खोचलेल्या, आणि प्रत्येक माणसाकडे दोन-अडीच मीटरचा तुकडा. आपल्या तुकड्यात उडी मारणाऱ्याचे पाय टेकले की ज्याने त्याने हात वर करायचा आणि आकडा ओरडायचा. त्या रांगेतली लाल टोपी तिने लगेच ओळखली. साठाच्या पाटीपाशी तिचे बाबा उभे होते.

"घाबरलीस ना?" पुढे बसलेल्या गाश्पेरने मान वळवून विचारलं.

"तूच घाबरलायस. मघापासून तीनदा झाडामागे जाऊन आलास."

"चारदा." तो हसला, पण ओठ पांढरे पडले होते. "तुझे बाबा देवमाणूस आहेत हां. पहिल्या उडीत एकसष्ट दिले मला. मला तर साडेसाठच वाटले होते."

"त्यांनी दिले म्हणजे एकसष्टच असणार."

हे ती त्याला बरं वाटावं म्हणून बोलली नव्हती. खोऱ्यात सगळेच असं बोलत. तिचा बाप विंको लाकडाच्या गिरणीत फळ्या मोजायचा, आणि त्याने मोजलेली फळी पुन्हा कुणी मोजत नसे. उडीच्या उतारावर तर वीस वर्षं त्याचाच शब्द शेवटचा. दोन मोजणाऱ्यांचं जमलं नाही की पंचसुद्धा विचारायचे, विंकोचा हात कुठे होता?

ब्रीना पाच वर्षांची असताना त्यानेच गोठ्यामागे बर्फाचा उंचवटा करून दिला होता. तिने पहिली उडी मारली, तोंडावर आपटली, नाकातोंडातला बर्फ थुंकत उठली आणि ओरडली, "पाच मीटर!" विंकोने गिरणीतली पट्टी टाकून मोजलं. "साडेचार." ती भोकाड पसरून रडली. आई खिडकीतून म्हणाली, अहो द्या की पाच, लेकरू आहे. विंको हलला नाही. "पाच मार, पाच देतो." संध्याकाळपर्यंत तिने पाच मारले. त्या दिवसापासून तिला एक गोष्ट पक्की कळली होती. बाबा म्हणतात तेवढीच आपली उडी. त्याहून जास्त नाही, पण कमीही नाही.

आता ती पंधरा वर्षांची होती, आणि ही शेवटची संधी होती. क्रान्य शहरातल्या क्रीडाशाळेत खोऱ्यातून चारच जण घेणार होते. मुलींची वेगळी स्पर्धा तेव्हा कुठे होती? मुलींनी उड्या मारल्या की पोटाला धक्का बसतो, पुढे मुलं होत नाहीत, असं शिकलेली माणसंसुद्धा बिनदिक्कत सांगत. सिल्वो, तिचा प्रशिक्षक, कचेऱ्यांतून भांडून थकला तेव्हा कुठे कागदावर एवढं आलं, की पहिल्या चारात आली तर मुलगी असली तरी घेऊ. नाहीतर पंधराव्या वर्षानंतर मुलांच्या यादीतून तिचं नाव कायमचं कटणार. गावात याच्यावरही बोलून झालं होतं. खाटकाच्या दुकानात रांगेत उभं राहून बायका म्हणत, बाप मोजतोय म्हणून पोरगी लांब जातेय. विंकोने ते ऐकलं होतं. मांस न घेताच तो घरी आला होता.

पहिल्या फेरीनंतर ती चौथी होती. गाश्पेर पाचवा, तिच्यामागे दीड गुणाने.

गाश्पेर सुटला. कड्यावरून झेपावला आणि दिसेनासा झाला. खालून गलका उठला, मग कर्ण्यातून आवाज आला: बासष्ट. ब्रीनाने दांडीवर बसल्याबसल्या हिशोब केला. अर्ध्या मीटरला एक गुण आणि वर थोडं. म्हणजे साडेएकसष्ट हवेत. एकसष्टने भागणार नाही.

सिल्वोने झेंडी खाली केली. ती सुटली.

त्या पाच-सहा सेकंदांत विचार करायला वेळ नसतो, असं ती सगळ्यांना सांगायची. खोटं होतं ते. कडा सुटल्यावर वारा छातीखाली आला आणि तिला वाटलं, दोन महिने वजनासाठी आंबट कोबीच्या पाण्यावर काढले ते यासाठी. साठाची पाटी खालून गेली. लाल टोपी डाव्या खांद्याच्या मागे पडली. मग पाय टेकले, एक पुढे, एक मागे, हात पसरलेले, आणि समोर कडेला, बाबांच्या पलीकडे मोजायला उभ्या लोय्झेकाकांचा हात वर येताना तिने अगदी स्पष्ट पाहिला. लोय्झेकाकांचा तुकडा साडेएकसष्टपासून सुरू होत होता.

मैदानात थांबून तिने वळून पाहिलं. लोय्झेकाकांचे दोन्ही हात खिशात होते. बाबांचा हात वर होता. ताठ, कोपरात जराही वाक नसलेला.

"एकसष्ट," कर्णा म्हणाला.

ती पाचवी आली. आठ दशांशाने.

तिला रडू आलं नाही. लोय्झेकाकांचा हात आपल्याला भास झाला असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. बाबांचा हात वर होता ना, मग संपलं. गाश्पेर तिच्याजवळ आला आणि तिच्या खांद्यावरचा बर्फ झटकून निघून गेला.

क्लबच्या लाकडी खोलीत गरम सूप होतं, ओल्या लोकरीचा वास होता, आणि भिंतीवरच्या खिळ्याला धुरावलेली डुकराची आख्खी तंगडी टांगलेली होती. दरवर्षी खाटीक रूडी ती द्यायचा, क्लबसाठी राबलेल्या एखाद्या माणसाला. तोच क्लबचा अध्यक्ष असल्यामुळे भाषणही तोच करायचा.

"मंडळी," रूडी बाकावर चढला, "या वर्षी माझ्या दुकानात काही लोक काहीबाही बोलले. नावं घेत नाही, त्या आज इथं सूप पितायत." लोक हसले. "त्यांनी आज डोळे उघडे ठेवले असतील तर बरं. पोटच्या पोरीची शेवटची उडी, आणि या माणसाने तिला अर्धा मीटर सोडला नाही! विंको, ये रे बाबा, घेऊन जा तंगडी."

सगळे उठून उभे राहिले. टाळ्या थांबेचनात. ल्युब्ल्याना शहरातून आलेल्या पंचानेही विंकोचा हात दोन्ही हातांत घेतला. विंको लाल टोपी चुरगाळत उभा होता, आणि ब्रीनाने त्याला इतकं सुखावलेलं कधी पाहिलं नव्हतं. तीही टाळ्या वाजवत होती. हो, वाजवत होती. तिचा बाप होता तो.

फक्त लोय्झेकाका वाजवत नव्हते. ते दाराशी तिच्या स्की बांधत बसले होते, आणि ती जवळ गेल्यावर त्यांनी मान वर केली नाही.

"पोरी, मला झोप लागायची नाही म्हणून सांगतो. तू माझ्यात उतरलीस."

"काय?"

"साडेएकसष्ट. खुणा होत्या बर्फात. माझा हात वर गेला होता. विंको ओरडला, लोय्झे, हात खाली घे, माझ्यातली आहे. मी घेतला."

"का घेतला?"

"विंकोच्या हातापुढे माझं कोण ऐकणार होतं?" त्यांनी दोरीची गाठ आवळली, मग सोडली, मग पुन्हा आवळली. "घ्यायला नको होता. माझी चूक झाली."

घरी जाताना रस्त्यावर अजून ऊन होतं. विंको तंगडी खांद्यावर टाकून पुढे चालला होता. वाटेत भेटेल तो अभिनंदन करत होता, आणि तो प्रत्येकाला म्हणत होता, "अहो, त्यात काय, काम आहे ते." गिरणीच्या वळणावर माणसं संपली.

"बाबा, मी कुठं उतरले?"

"एकसष्ट."

"लोय्झेकाका म्हणाले, त्यांच्यात उतरले."

विंकोने तंगडी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "लोय्झेला चष्मा लागलाय."

"तुम्ही पाहिलंत ना? दोन्ही पाय कुठं टेकले ते पाहिलंत ना?"

विंकोची चाल मंदावली. त्याला खोटं बोलता येत नसे, हीच तर त्याची ख्याती.

"रेषेवर होतीस," तो शेवटी म्हणाला. "बोटभर पुढे असशील. शंका आली की कमी धरावं माणसाने."

"पहिल्या फेरीत गाश्पेर तुमच्याच समोर उतरला. तोही रेषेवरच होता. त्याला एकसष्ट दिलेत."

"तो परका पोरगा." विंको थांबला आणि तिच्याकडे खरोखर आश्चर्याने पाहिलं. "त्याला कमी दिले असते तर अन्याय झाला असता."

"आणि मला?"

"तू माझी आहेस," तो म्हणाला. जणू ते उत्तरच होतं. मग जरा मऊ आवाजात म्हणाला, "अगं, तिथं सगळं गाव बघत होतं. मी तुला दिले असते, तर तिकडे क्रान्यलासुद्धा जन्मभर म्हणाले असते, बापाने दिले."

"म्हणू दिलं असतं मी," ब्रीना म्हणाली. "मी तिथं असते ना, बाबा. म्हणू दिलं असतं."

खांद्यावरून घसरणारी तंगडी त्याने सावरली आणि चालू लागला. घराच्या फाटकाशी त्याने बूट आपटून बर्फ झाडला, नेहमीसारखे तीनदा.

आईने टेबलावर मक्याचा घाटा आणि किसलेला तिखट मुळा ठेवला होता. निकाल तिला कुणीतरी आधीच सांगितला असावा. तिने ब्रीनाला एकदा नुसतं जवळ ओढलं आणि सोडलं. तंगडी पाहिल्यावर तिने नवऱ्याकडे पाहिलं. मग मोठी फळी आणि सुरी आणून ठेवली, जरा जोरातच.

विंकोने बाही वर सारली. पहिला काप आईला दिला, दुसरा स्वतःच्या ताटात घेतला. मग सुरी मागे नेली आणि चांगला बोटभर जाड काप कापला, कडेला पांढरी चरबी असलेला, ब्रीनाला लहानपणी आवडायचा तसा.

"घे, पोरी," तो म्हणाला. "पोटभर खा. आता वजनाची काय काळजी?"

ब्रीनाने ताट पुढे केलं नाही. ती त्या कापाकडे पाहत राहिली.

"एवढा नको, बाबा," ती म्हणाली. "लोक म्हणतील, पोरीला जास्त दिलं."

आईच्या हातातला चमचा थांबला. विंकोने मान वर करून मुलीकडे पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं. खिडकीला पडदा नव्हता आणि रस्त्यावरून शेजारचे लोक क्लबातून घरी परतत होते. त्याने सुरी टेकवली, तो काप अलगद फळीच्या कडेला सरकवला, आणि दुसरा कापला. पातळ.