सोमवारी नट-बोल्ट

कडकोळच्या कारखान्यातली पत्रे दाबायची मोठी प्रेस बंद पडून दोन महिने झाले होते. कारखानाच गुंडाळणार, अशी कुजबुज होती. प्रेसचे फिटर गुरुराव रोज तिच्यावरची धूळ तेवढी पुसून घरी येत.

शनिवारी मुख्य कचेरीतले साहेब आले. प्रेसपाशी उभं राहून मॅनेजरशी इंग्रजीत बोलले. जाताना त्यांनी गुरुरावांच्या खांद्यावर हात ठेवला.

मंडी मोहल्ल्यातल्या घरी गुरुराव शिरले ते हसतच. "सोमवारी प्रेस उघडणार," ते बायकोला म्हणाले. गंगाबाईंनी लगेच केसरीभातासाठी, म्हणजे केशरी शिऱ्यासाठी, रवा भाजायला घेतला. कित्येक दिवसांत घरात असा तुपाचा वास सुटला नव्हता.

अमूल्या, त्यांची लेक, नुकतीच ऑफिसातून आली होती. "अप्पा, साहेब नेमकं काय म्हणाले?"

"डिसिजन इज डन. मंडे, नट्स अँड बोल्ट्स." गुरुरावांनी शब्दन् शब्द लक्षात ठेवला होता. "आता नट-बोल्ट खोलायचे म्हणजे मलाच बोलावणार, हौदा? हो ना?"

अमूल्या ओढणीचं टोक चाळवत राहिली. मग हळूच म्हणाली, "अप्पा, इंग्रजीत तसं म्हणायची पद्धत आहे. खरे नट-बोल्ट नव्हेत ते. मोठी गोष्ट ठरली की मागे बारीकसारीक कामं उरतात. कुणी काय करायचं, कधी, कसं. त्याला तसं म्हणतात."

"मग मोठी गोष्ट कुठली ठरली?"

गंगाबाईंनी गॅस बंद केला.

"खांद्यावर हात ठेवला होता गं त्यांनी," गुरुराव म्हणाले.

सोमवारी मॅनेजरने एकेकाला आत बोलावलं. हत्यारं कुणाकडे सोपवायची, ओळखपत्र कधी परत करायचं, सगळं नीट समजावून सांगितलं. कारखाना बंद होतोय, एवढंच काय ते त्याच्या तोंडून निघालं नाही.

"हे ठरलं कधी?" गुरुरावांनी विचारलं.

"गुरुरावरे, माझ्या हातात काही नव्हतं," मॅनेजर कन्नडमध्ये म्हणाला आणि त्याने पुढच्या माणसाला हाक मारली.

परतताना घराजवळचा थांबा आला, तरी गुरुराव बसमधून उठले नाहीत. शेवटच्या थांब्यावर कंडक्टरने उतरवल्यावर ते संध्याकाळच्या उन्हातून पायीच मागे आले. दारात अमूल्या उभी होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, तू म्हणालीस तसंच झालं अशी मान हलवली आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.