सांगून घेतलेला वजीर

लोक पोरांना गणिताची शिकवणी लावतात, इंग्रजीची लावतात. वडनेर भोलजीच्या महामायाने चाळिशी उलटल्यावर स्वतःला बुद्धिबळाची शिकवणी लावली, आणि तीही सासऱ्याला हरवण्यासाठी. ही काही चारचौघींत सांगायची गोष्ट नव्हती. तिने फक्त नवऱ्याला सांगितली. शेखर एवढा हसला की भाकरीचा घास घशात अडकला आणि पाणी देऊन पाठ चोळायचं कामही तिच्याच गळ्यात पडलं.

पण महामाया मागे हटणाऱ्यातली नव्हती, आणि त्याला कारण होतं.

तिचे सासरे मोतीराम आणि रोहिणखेडचे फकीर मोहम्मद हे तरुणपणी मलकापूरच्या एका जिनिंगमध्ये कापूस मोजायला होते. तेव्हापासून दर दिवाळीनंतर दोघांचा एक डाव ठरलेला. एका वर्षी मोतीराम रोहिणखेडला जात, पुढच्या वर्षी फकीरभाई वडनेरला येत. एकच डाव, अख्खी दुपार, भोवती गाव गोळा. जो जिंकेल त्याचं गाव वर्षभर दुसऱ्या गावच्या पाहुण्यांना चहासोबत तो डाव ऐकवी. गेल्या वर्षी इथल्याच पारावर मोतीरामांनी अधू डोळ्याने उंटाला प्यादं समजून हातचा डाव घालवला. घरी येऊन कुणाशी बोलले नाहीत. यंदा त्यांनी पारावर जाहीर करून टाकलं, की आपण आता बसणार नाही. "मले जो हरवन, तो बसन."

मग हरायला रांग लागली. पिठाच्या गिरणीवाला गणेश हरला. शेखर तर बापासमोर बसला आणि चहा निवायच्या आत उठला. कुणीच उरलं नाही.

आता खरी गंमत अशी, की मोतीरामांसोबत रोज खेळणारं माणूस घरातच होतं. सासूबाई, सरस्वतीबाई, गेल्या तेव्हा मोतीराम दुपारभर पट मांडून दोन्ही बाजूंनी एकटेच खेळत बसत. ते बघवेना म्हणून महामाया शिलाई मशीन सोडून समोर जाऊन बसली होती. प्यादं कसं चालतं इथपासून त्यांनी तिला शिकवलं. तेव्हापासून रोज दुपारी एक डाव, आणि रोज ती हरायची. तिचं नाव मात्र कुणाच्या डोक्यातही आलं नाही. तिच्याही नाही. एका दुपारी सोंगट्या मांडता मांडता तिच्या तोंडून निघून गेलं, "मामाजी, अन् मी हरवलं तर?"

मोतीरामांनी मान वर केली.

"तर तू बस."

ते हसले असते तर बरं झालं असतं. हसले नाहीत, म्हणून तर हे सगळं सुरू झालं.

कोच तिला सापडली नांदुऱ्यात, अस्तराच्या दुकानात. गल्ल्यावर दुकानदाराची मुलगी मदिहा मोबाइलवर बुद्धिबळ खेळत होती. महामायाने अस्तर हातात घेऊन पारखता पारखता मोबाइलवर नजर टाकली आणि राहवलं नाही म्हणून बोलून गेली, तो घोडा तिथं नको ठेवू, मरन. मदिहाने पाहिलं, घोडा खरंच मरत होता. मुलगी बी.एस्सी. करत होती, जिल्ह्याच्या स्पर्धांत नंबर काढलेली होती आणि रविवारी पोरांचा वर्गही घेत होती. मोठ्या बाईला शिकवायची ही तिची पहिलीच वेळ. फीचं बोलणं उभ्या उभ्या झालं: मदिहाच्या बहिणीचं, सफाचं, लग्न होतं, तिचे सगळे कपडे महामाया शिवून देणार. दोघींनाही आपणच फायद्यात असल्यासारखं वाटलं, म्हणजे सौदा चांगला झाला.

मोतीराम संध्याकाळी पारावर गेले की मदिहा स्कूटीवर यायची, ड्रेसचं माप द्यायला आल्यासारखी. पट नव्हताच. महामायाने काळ्या अस्तरावर खडूने चौसष्ट घरं आखली होती आणि बटणांचे मोहरे केले होते. शेरवानीचं सोनेरी बटण राजा, शर्टाची साधी बटणं प्यादी. कुणी आलंच तर अस्तराची चार टोकं धरून उचललं की झालं. मोतीराम एकदा लवकर परतले तेव्हा त्यांना दारात मदिहा दिसली आणि खुंटीवरचा हिरवा ड्रेस दिसला. "या पोरीचा ड्रेस अजून नाई झाला काय?" असं त्यांनी विचारलं. महामायाने सांगितलं, की पोरगी फिटिंगच्या बाबतीत लय चिकित्सक आहे.

पहिल्याच दिवशी मदिहाने तिच्याशी दोन डाव खेळून निकाल देऊन टाकला. "काकू, तुम्ही वाईट नाही खेळत. तुम्ही पाहुण्यासारख्या खेळता. समोरचा म्हणेल तेवढंच घेता."

महामायाच्या काळजाला ते असं लागलं की तिने मशीनच्या चाकावर हात ठेवला. खरं होतं. मामाजींचा हत्ती मारायची वेळ आली की तिचा हात आपोआप प्याद्याकडे जायचा.

त्या दिवसापासून तिच्या अंगात वारं शिरलं. कुकरच्या शिट्ट्या तिच्या लक्षात राहीनात. फरशीच्या चौकटींवरून ती तिरकी चालायची आणि मनात म्हणायची, उंट. शेखर टीव्ही आणि मोबाइलचा चार्जर यांच्या मधोमध बसलेला दिसला की तिला वाटायचं, याला आता कुठूनही मारता येईल.

मदिहाने तिची एक सवय मात्र लगेच पकडली. वजिरावर चाल केली की महामाया तोंडाने म्हणायची, "वजीर." म्हणजे समोरच्याने सावध व्हावं. मदिहाला ती नवख्या माणसाची घाबरट सवय वाटली. स्पर्धेत असं कोणी सांगत नाही, तोंड बंद ठेवायचं, असं तिने बजावलं. कोच लावलाय तर कोचचं ऐकायला पाहिजे, असं महामायाने स्वतःला समजावलं.

आणि तिथंच घात झाला.

दुसऱ्याच दुपारी तिचा उंट मामाजींच्या वजिरावर तिरका नेम धरून आला. ती गप्प राहिली. मोतीरामांचं लक्ष दुसरीकडे होतं, ते प्यादं सरकवून मोकळे झाले. महामायाने वजीर उचलला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो तिच्या मुठीत होता, आणि तिला हसू आवरेना.

मोतीराम एवढंच म्हणाले, "सांगतलं नाई तू."

त्यांनी सोंगट्या डब्यात भरल्या नाहीत, पट मिटला नाही. काठी घेतली आणि भर उन्हात पाराकडे निघून गेले. दुसऱ्या दिवशी दुपारीही गेले. तिसऱ्या दिवशीही. मांडलेला डाव तसाच पडून राहिला. त्यावर धूळ बसली, ती पुसायचा महामायाला धीर होईना. दिवाळी जवळ येत होती, पण आता तिला त्या डावाचंही काही वाटेना. आपण या माणसाला फसवलं, एवढंच डोक्यात होतं.

मदिहा आली तेव्हा महामायाने तिच्यासमोर बटणं मांडलीच नाहीत. आमच्या घरात वजिरावर चाल केली तर सांगावं लागतं, तो नियमच आहे, आणि मी तो तुझ्या सांगण्यावरून मोडला, असं तिने सरळ सांगितलं. मदिहा कपाळाला हात लावून हसायला लागली.

"माझे नानापण सांगतात. 'बेटा, वजीर.' मला वाटायचं, मी लहान म्हणून सांगतात."

"कोनते नाना?"

"अम्मीचे अब्बा. रोहिणखेडचे. फकीर मोहम्मद."

महामाया मटकन स्टुलावर बसली. ज्याच्यासमोर बसायचं म्हणून तिने जिवाचं रान केलं होतं, त्याचीच नात तिने कोच म्हणून लावली होती. नांदुऱ्यात एवढी दुकानं, आणि अस्तर घ्यायला गेली ती नेमकी त्याच्या लेकीच्या घरी. मदिहालाही नानांचा दरवर्षीचा डाव माहीत होता. पण वडनेरचे ते मोतीरामबाबा म्हणजे या काकूंचे मामाजी, हे तिला आज कळत होतं. काकूंनी तिला सासऱ्याला हरवायचं आहे एवढंच सांगितलं होतं, कशासाठी ते आता कुठे सांगितलं. मग दोघींनाही इतकं हसू फुटलं की बाहेरची कोंबडी घाबरून ओट्यावरून उडाली.

मदिहा आधी सावरली. "मामाजींना हरवेपर्यंत मी तुमची. त्यानंतर एक दिवसही नाही. समोर माझे नाना आहेत."

"मंजूर," महामाया म्हणाली.

"मग ऐका. न सांगता मारणं सोपं आहे. सांगून मारायचं असेल तर चालच अशी पाहिजे, की ऐकूनही वाचता येऊ नये."

तिने सोनेरी बटण ठेवलं, त्याच्यापासून थोडं दूर मोठं लाल बटण ठेवलं, आणि एक काळं बटण अडीच घरं उडवून अशा जागी आणलं की ते एकाच वेळी दोघांवर चालून गेलं. घोडा. राजाला शह, वजिरावर नजर. राजा हलवावाच लागतो, मग वजीर कितीही सांगून झाला तरी जातो.

महामायाने ते बटण पुन्हा मागे नेलं, पुन्हा उडवलं. पुन्हा.

त्या संध्याकाळी मोतीराम पारावरून आले तेव्हा ती पदर सारखा करून त्यांच्यासमोर उभी राहिली. तो डाव मी हरले, असं तिने सांगितलं. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मोतीराम पारावर गेले नाहीत. फुंकर मारून पटावरची धूळ उडवली आणि म्हणाले, "मांड."

त्यानंतर ती रोज हरली, पण वेगळ्या तऱ्हेने हरली. रोज डाव लांबत गेला. मोतीराम पुढे सरकून बसायला लागले, चष्मा पुसायला लागले. एकदा तर चहा विसरले.

आणि मग ती दुपार आली. मोतीरामांचे दोन्ही हत्ती तिच्या राजाच्या दारात येऊन उभे होते. अजून दोन चाली, की तिचं संपलं. महामायाची नजर पटावर भिरभिरत होती, आणि एकदम तिला ते घर दिसलं. तिचा घोडा तिथं उतरला तर राजा आणि वजीर दोन्ही सापडत होते. फक्त एक प्यादं त्या घरावर राखण करत होतं. ते प्यादं बाजूला सरकायला हवं होतं.

तिने उंट उचलला आणि त्या प्याद्याच्या तोंडात दिला.

मोतीरामांना बरं वाटलं. "गेला तुया उंट," म्हणत त्यांनी प्याद्याने तो मारला. राखण उठली.

महामायाने घोडा उचलला, अडीच घरं मोजली, ठेवला.

"मामाजी, शह." मग तिने सांगितलं, "अन् वजीर."

मोतीराम वाकले. चांगल्या डोळ्याने आधी राजा पाहिला, मग वजीर पाहिला, मग घोड्याभोवतीची घरं बोटाने चाचपली. कोणी मारतं का त्याला? कोणीच मारत नव्हतं. त्यांनी राजा हलवला. महामायाने वजीर मारला, आणि या वेळी त्यांनी स्वतःच हात पुढे करून तो तिच्या तळहातावर नीट ठेवला.

पुढे ते काही सोपं गेलं नाही. दोन हत्तींनी मोतीरामांनी तिला पटभर पळवलं. शेखर घरी आला आणि गाडीची चावी हातात धरून दारातच उभा राहिला. चुलीवर दूध उतू गेलं, कोणी उठलं नाही. शेवटी त्यांचाच राजा कोपऱ्यात सापडला. एकही घर उरलं नाही. महामाया गप्प बसून राहिली. सगळं झालं होतं, पण सासऱ्याच्या तोंडावर तो शब्द कसा म्हणायचा?

"म्हण," मोतीराम म्हणाले. "म्हणल्याशिवाय डाव मिटत नाई."

"मात," ती पदराआडून म्हणाली.

मोतीरामांनी मान हलवली. शेखरला फोन लावायला सांगितला, स्पीकरवर. पलीकडून फकीरभाईंचा आवाज आला तसे ते ताठ बसले.

"फकीर, मी येऊन राह्यलो. पन बसणार नाई. माही सून बसन."

मग फकीरभाईंनी विचारलं, ती शिवणकाम करते तीच काय. नांदुऱ्याची आपली बुद्धिबळवाली नात तिचे लय गुण गाते, काकूचा हात लय बारीक म्हणते.

मोतीरामांनी हळूहळू मान वळवली. खुंटीवरचा हिरवा ड्रेस तिथंच होता. त्याला बाही अजून एकच होती. मग त्यांनी सुनेकडे पाहिलं. महामायाने पदराचं टोक बोटाला गुंडाळायला घेतलं.

फोन ठेवून ते म्हणाले, "फकीरची नात."

"हाव मामाजी."

"म्हंजे मले फकीरच्याच घरच्या हुशारीनं पाडलं तू." आणि ते हसायला लागले. आधी आवाज न करता, खांदे हलवत, मग डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. शेखरला यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही, तो उतू गेलेलं दूध पुसायला आत गेला, हे घरातलं आणखी एक नवल.

हसून झाल्यावर मोतीराम म्हणाले, की त्या पोरीचा ड्रेस आता पुरा करून देऊन टाक. आता ती तिकडची झाली.

"तिनंच सांगतलं तसं."

"मंग चांगल्या घरची आहे." त्यांनी पट आपल्याकडे ओढला आणि फिरवला, म्हणजे नेहमीची आपली बाजू महामायाकडे गेली. "मांड. मी आता फकीर आहे. तो डाव्या अंगाचा घोडा पहिले काढते अन् काढला का दाढी खाजवते. तेव्हा समजायचं, त्याच्या मनात काही तरी आहे."

महामायाने प्यादी मांडायला घेतली. समोर मोतीराम पाठ ताठ करून, नसलेली दाढी खाजवत बसले होते, आणि त्यांचा घोडा आधीच बाहेर आला होता.