उजवं चाक

सदू मेकॅनिकच्या हातची गाडी मातीत दगा देत नाही, असं खेड गावात कोणीही सांगितलं असतं, आणि सदूनं तर स्वतःच दहा वेळा सांगितलं असतं. मिजास होती माणसाला! पण मिजाशीला साजेसा हातही होता, हे कबूल करायला हवं. गावाबाहेरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, दर फेब्रुवारीत मंडळ मातीतली शर्यत भरवायचं, आणि २००३ साली त्याचा धाकटा भाऊ दादू पहिल्यांदाच गाडी घेऊन उतरणार होता. दादू एसटीत ड्रायव्हर. घरी बायको मथुरा, आणि दोन लहान मुली.

जुनी मारुती होती. आठवडाभर सदू तिच्याखालीच पडलेला. ड्रायव्हरच्या जागी त्यानं जांभ्या दगडाचे दोन चिरे ठेवले, बरोबर दादूच्या वजनाचे, कारण रिकामी गाडी आणि माणूस बसलेली गाडी स्प्रिंगवर सारखी बसत नाही. मागची बाजू दोन बोटं उचलली, शॉकअप कडक केले. गवंड्याकडून ओळंबा आणून चाकांचा कल पाहिला, सुतळी ताणून पुढची चाकं केसभर बाहेर फाकवली, म्हणजे गाडीनं वळणावर पटकन तोंड फिरवावं. मथुरा चहा घेऊन आली की म्हणायची, “भावोजी, इतकं तर माझ्या लग्नात मला कोणी नटवलं नव्हतं.”

शर्यतीच्या सकाळी सड्यावर पोचल्यावर सदूनं कातळ चपलेनं घासून पाहिला. वर लाल भुगा फार होता. त्यानं पुढची दोन्ही चाकं काढून जाड नक्षीच्या टायरांची चढवली. त्याची रीत ठरलेली: गाडी जॅकवर असताना नट नुसते हातानं बसवायचे, चाक जमिनीला टेकलं की मग पान्यानं पक्के आवळायचे. डावं चाक झालं. उजवं जमिनीला टेकलं, तेवढ्यात म्हाताऱ्याची हाक आली.

“सदू, चल रे, वेळ टळता हय!”

श्रीपतीआबा, या दोघांचा बाप, नारळ घेऊन बॉनेटपुढे उभे होते. पाना ठेवून सदू धावला. आबांनी गाऱ्हाणं घातलं, एकेका देवाचं नाव घेऊन लेकराला सांभाळ म्हणून सांगितलं, जमलेल्यांनी “होय म्हाराजा” म्हटलं, आणि नारळ फुटला.

आता त्या सड्यावरचा नियम असा, की नारळ फुटला की गाडीला पाना लावायचा नाही. गाडी देवाच्या हवाली केली, वर पुन्हा पाना लावायचा म्हणजे देवावर भरवसा नाही असं झालं. आणि हा नियम सगळ्यांत कडक पाळणारा कोण, तर सदूच! आदल्या वर्षी चिपळूणच्या एका ड्रायव्हरनं नारळानंतर ब्रेक बघायला सांगितला, तर यानं चारचौघांत त्याची अब्रू काढली होती.

खोबरं वाटून झालं. सदू हत्यारं पेटीत भरायला वाकला, चाकाचा पाना हातात आला. उजवं चाक आवळलं का आपण?

आवळलं असणार, त्यानं स्वतःला सांगितलं. वीस वर्षांची हाताला सवय. पण आठवत काही नव्हतं. पाना घेऊन दोन पावलं टाकली तर चिपळूणचा तो ड्रायव्हर पलीकडेच उभा, टक लावून बघत. शिवाय आबा काय म्हणतील? दादू बिथरला तर? सदूनं पाना पेटीत टाकला. अरे माणसा, लोक हसले असते, दुसरं काय झालं असतं?

तो दादूच्या खिडकीशी गेला. “पहिली फेरी सावकाश घे.”

“भाऊ, शर्यत आहे की वरात?” दादू हसला.

पहिली फेरी नीट झाली. दुसरीही. सदूचा जीव थोडा खाली बसला, स्वतःच्या भित्रेपणाचा रागसुद्धा आला. तिसऱ्या फेरीला बंद पडलेल्या चिरेखाणीशेजारच्या वळणावर पुढचं उजवं चाक निखळलं. गाडीनं जमिनीत नाक खुपसलं, बांबूचं कुंपण मोडलं आणि ती खाणीत गेली. दादूला वर काढलं तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं.

बारावं झालं. पाहुणे गेले. ओटीवर आबा तेच तेच बोलत बसले होते. “गाऱ्हाण्यात राखणदार देवाचा नाव घ्यायचा ऱ्हायला माझा. सगळ्यांची घेतली, त्याचाच ऱ्हायला. मीच मारला रे माझ्या पोराला.” बारा दिवस अन्नाचा घास धड गेला नव्हता त्यांच्या तोंडात. सदूला आता ते ऐकवेना.

“आबा, चाकाचे नट आवळायचे राहिले होते. माझ्याकडून राहिले.”

आबांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. “माझा दोष आपल्यावर घेव नको, बाबा. तुझा हात चुकायचा नाय.”

त्यांना ते खरंच वाटेना. सदू त्या हाताखाली तसाच बसून राहिला. मथुरा आतल्या दारात उभी होती. तिनं मात्र ऐकलं होतं.

“कधी आठवलं, भावोजी? नारळाआधी की नंतर?”

“नंतर.”

“गाडी सुटायला वेळ किती होता?”

“दहा-बारा मिनिटं.”

“आणि चार नट आवळायला किती लागतात?”

“एक मिनिट,” तो म्हणाला.

आबांनी त्याच्या गुडघ्यावरचा हात काढून घेतला.