गांधीलमाशीचा दुसरा फेरा

"एकदा निभावलं म्हणून सोडून देऊ नका, राओनची आई. दुसऱ्या खेपेला गांधीलमाशी माणूस नेते. आणि सुईनं उतरलं तरी दवाखान्याचं दार लगेच सोडायचं नाही. गेलेलं पुन्हा फिरून येतं."

आरोग्य केंद्राच्या ताईंनी गेल्या साली पूर्वजांच्या सणाला हे सांगितलं, तेव्हा सोदाम नळाखाली कोबीची पानं धूत होती. माशी चावून सासऱ्याच्या अंगावर तेव्हा नुसत्या गांधी उठल्या होत्या, त्याही दिवस मावळायच्या आत बसल्या. शहरातल्या डॉक्टरकडून घरात ठेवायचं इंजेक्शन लिहून आणा, असंही ताई म्हणाल्या होत्या. "सण होऊन जाऊ दे, मग बघू," म्हणत सोदामनं पानं निथळत ठेवली. सण झाला, लसूण लावून झाला, डोंगरावर बर्फ पडलं, आणि ती गोष्ट चिखलात पडलेल्या खिळ्यासारखी कुठं रुतली ते कळलंसुद्धा नाही.

यंदा पाऊस लांबला. पूर्वजांच्या थडग्यांवरचं गवत कमरेएवढं वाढलं आणि सण परवावर आला तरी कुणाला डोंगर चढता आला नाही. त्या रविवारी ऊन पडलं, तसा सगळा गाव गवत कापायची मशीनं खांद्यावर टाकून वर गेला. सकाळपासून डोंगर नुसता घुमत होता. खाली अंगणात सोदाम लाल मिरच्या उलथत होती. दोन वर्षांची राओन पाठीला बांधलेली. सासू जोम्रे ओसरीवर तांदळाचं पीठ मळत बसली होती. नवरा जहाजाच्या कारखान्यात, तो उद्या रात्रीपर्यंत पोचायचा.

फाटकातून आधी दोल्सूचा आवाज आला.

"जोम्रेवहिनी, मडक्याचं झाकण काढा! तुमच्या सासऱ्यानं आपल्या थडग्यात माश्या पाळल्यात!"

दोल्सू ओढ्यापलीकडचा. बायको गेली, पोरं शहरात, सणाला येतील तेव्हा येतील. दरसाल तो सोदामच्या सासऱ्याबरोबर गवत कापायला जायचा आणि जेवून घरी जायचा. आज दोघंही पळत आले होते. सासरा पान्सू कानापाशी हात दाबून होता. मशीनचं पातं जमिनीतल्या पोळ्यावर बसलं आणि सगळं मोहोळ अंगावर आलं, असं म्हणत तो ओसरीच्या काठाला टेकला.

जोम्रेनं मडक्यात हात घातला आणि आंबवलेल्या सोयाबीनचा काळपट गोळा नवऱ्याच्या मानेवर, कानावर थापला. उरला तो दोल्सूच्या मानेला फासला. अंगणभर उग्र वास सुटला.

"हे लावलं की माशीचा बाप उतरतोय. गप बसा दोघंबी."

"मामंजी, दवाखान्यात जाऊ या," सोदाम म्हणाली. मिरच्यांचे हात तिनं कधी पुसले ते तिलाच कळलं नाही. "गेल्या वर्षी ताई म्हणाल्या होत्या..."

"झालं हिचं सुरू!" सासूनं पिठाचे हात झटकले. "हिवाळ्यात पोरीला कढ आला, तर हिनं थेट मोठं इस्पितळ गाठलं. अख्खा दिवस खुर्चीवर बसवलं, अन् डॉक्टर काय म्हनला? सौम्य हाय. सौम्य म्हनून विमाबी लागला न्हाई, सगळं घरातनं भरलं. आता माशीपायी चाललीय!"

ते खरंच होतं. त्या दिवसापासून सोदामला भीती वाटली की ती भीती आधी उलटून पालटून बघायची, खोटी तर नाही ना म्हणून. शिकलेली सून म्हणजे घाबरट सून, असं गावात झालंच होतं.

दोल्सूनं पांढऱ्या दारूचा एक वाडगा रिचवला आणि उठला. "माझं कातडं जुन्या बैलाचं, मला काय धाड भरतीया. घरी जाऊन पडतो जरा. राओनची आई, जेवणाचं तेवढं सांजच्याला ठेव गं."

तो ओढ्याकडं गेला. सोदामचं लक्ष मात्र सासऱ्याच्या हातांवर होतं. तो तळवे खाजवत होता. मग पोट. मग ओठ वर आले, जसं कुणी आतून फुंकर मारतंय.

"मामंजी, बोला बरं काहीतरी."

"काय बोलू?" तो म्हणाला, पण शब्दाच्या मागनं बारीक शिट्टी आली. फुटक्या बासरीसारखी.

मग मात्र तिनं कुणाला विचारलं नाही. अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर फिरवला.

"अगं, थांब की जरा! भोंगा ऐकून गाव गोळा हुईल."

"कुठंय गाव, आत्याबाई? गाव डोंगरावर आहे."

गाडी तालुक्याहून यायची. ती येईपर्यंत सोदामनं सासऱ्याला भिंतीला टेकवून बसवलं, आणि त्याच्या प्रत्येक श्वासाबरोबर ती स्वतःचा श्वास धरत होती, सोडत होती. पाठीवरची राओन आईचे केस ओढत होती. शेवटी गाडी अंगणात शिरली. त्यातल्या बचाव पथकाच्या तरुण जवानानं क्षणभर बघितलं आणि मांडीत सुई खुपसली. थोड्या वेळानं शिट्टी बारीक झाली. पान्सूच्या तोंडावर रंग आला.

"झालं की मग!" जोम्रे म्हणाली.

"कुठलं झालंय, आजी. हे थोड्या वेळापुरतं. यांना डॉक्टरच्या नजरेखाली ठेवायला पाहिजे." तो जवान फोन कानाला लावून मिरच्यांच्या कडेनं येरझाऱ्या घालू लागला. "वृद्ध आहेत, गांधीलमाशी, श्वासाचा त्रास... बरं. नाही जागा?... हॅलो, तुमच्याकडे... डॉक्टर नाही? कुणीच? बरं."

गाडीचं इंजिन सुरूच. आजारी माणूस आत, दार बंद, आणि गाडी जागची हलत नाही. सोदामला वाटलं, आपणच मागनं ती ढकलावी.

"अरं लेकरा, जायाला जागा न्हाई तर ह्यो गाडा आणलास कशाला?"

"आजी, मी काय हौसेनं उभा आहे का? न विचारता नेलं तर दारातनं परत पाठवतात. सणाची सुट्टी, निम्मे डॉक्टर नाहीत." त्यानं घाम पुसला. "चला, रस्ता धरू. वाटेत कुणीतरी हो म्हणेल. एकच जण बसा आत."

जोम्रे आत बसली. सोदामनं राओनला घरच्या छोट्या ट्रकात सीटला बांधलं आणि गाडीच्या मागं लागली.

तो रस्ता ती जन्मभर विसरणार नाही. पुढं नुसता लाल दिवा. कापणीला आलेलं भात दोन्ही बाजूंनी पिवळं पडलेलं, ऊन स्वच्छ, सणाचं सामान घेऊन निघालेल्या गाड्या, आणि त्यात तो एकटा लाल दिवा. शहराच्या पाटीपाशी गाडी एकदम कडेला थांबली. सोदामनं ब्रेक दाबला. गेले. आत काहीतरी झालं. ती उतरायच्या आत गाडी वळली आणि आल्या रस्त्यानं उलटी निघाली. हो म्हणालेल्या दवाखान्यानं ऐन वेळी हात वर केले होते. आता घाट ओलांडून पलीकडच्या जिल्ह्यात.

"आई, आजा कुठं?" राओननं विचारलं.

"पुढं आहे गं. तो बघ लाल दिवा."

घाटापलीकडच्या मोठ्या इस्पितळात ते पोचले, तोवर पान्सू उठून बसला होता, आणि हीच पंचाईत झाली. नर्सनं नाडी बघितली, छाती ऐकली, जवानाचं म्हणणं लिहून घेतलं आणि खुर्चीकडं बोट केलं. खुर्च्या भरलेल्या. पुढं हात मोडलेला एक, पोट धरून वाकलेली एक, भिंतीला टेकलेले कितीतरी. गाडी मोकळी झाली आणि परत निघाली. कितीतरी वेळानं एका दमलेल्या डॉक्टरनं उभ्या उभ्या तपासलं.

"आता सौम्य आहे. गोळ्या देतो, घरी जाऊ शकता."

खिडकीतल्या बाईनं मान वर न करता सांगितलं, सौम्यात बसलं की इथं सरकारी विम्याचा हिस्सा अगदी थोडा, बाकी तुमच्याकडून.

पान्सूनं खिडकीत डोकं घातलं. "म्हंजी तुमच्या दारात मेलो असतो, तर सवस्तात पडलो असतो व्हय?"

"आजोबा, तसं नाही हो."

"मग कसं? बेजार होऊन आलो न्हाई म्हनून दंड?" तो बायकोकडं वळला. "चल. गरज सरो, वैद्य मरो. मी बरा हाय. थडगं अर्धंच कापलंय, लोक म्हनतील, बापाची निम्मीच हजामत केली."

"अन् माझं पीठ सुकतंय," जोम्रे उठली. "गाडी काढ गं."

सोदामच्या हातात किल्ली होती. सगळ्यांना घरी जायचं होतं. डॉक्टर जा म्हणत होता, विमा जा म्हणत होता, हिवाळ्यातला तो 'सौम्य' शब्द अजून तिच्या कानात ठणकत होता. पण त्याच्याही आतून नळाच्या पाण्याचा आवाज येत होता, आणि त्यावरून ताईंचा. गेलेलं पुन्हा फिरून येतं.

तिनं किल्ली राओनच्या अंगरख्याच्या खिशात टाकली आणि खाली बसली.

"मी गाडी काढणार नाही, आत्याबाई."

"काय?"

"इथंच बसायचं. घाटात काही झालं तर मी काय करू? माझ्याकडं सुई नाही. आणायला सांगितली होती, मी आणली नाही. शिव्या द्या, पण बसा."

"सासऱ्याला इस्पितळात डांबून ठेवतीया!" जोम्रेनं भोवतालच्या लोकांना सांगितलं. "ऐका, ही आमची शिकल्याली सून!"

पोट धरून वाकलेली बाई तशातही हसली. पान्सू चरफडत बसला. सोदामनं नजर त्याच्या कानावर ठेवली. मिनिटामागून मिनिट गेलं, काही झालं नाही. तिला वाटलं, आपण खरोखरच वेडे आहोत. सण बुडवला, पैसा बुडवला, घरात आता तोंड दाखवायची सोय उरली नाही.

तेवढ्यात तिच्या मांडीवरची राओन खुदकन हसली.

"आजा शिटी वाजवतोय!"

सोदाम किंचाळलीच असणार, कारण नर्स पळत आली. पान्सूचे ओठ पुन्हा टरारले होते, बोटं शर्टाची बटणं शोधत होती. या खेपेला खुर्ची नाही, क्षणात खाट आली, दार उघडलं, दार मिटलं. जोम्रेनं सुनेचं मनगट धरलं ते इतकं घट्ट, की पिठाचे वाळलेले पापुद्रे सोदामच्या हाताला चिकटले.

बऱ्याच वेळानं तोच दमलेला डॉक्टर बाहेर आला. या खेपेला तो त्यांच्या शेजारी बसला.

"आहेत. श्वास चालू आहे. आज इथंच राहतील." मग थोडं थांबून म्हणाला, "तुम्ही निघाला नाहीत, बरं झालं."

जोम्रेनं डोळ्याला बाही लावली. "पोरी," ती म्हणाली. सून म्हणून आल्यापासून सोदामनं तिच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता. मग एकदम सासूचं तोंड उघडंच राहिलं.

"दोल्सू."

"काय, आत्याबाई?"

"दोल्सूलाबी चावल्यात की गं. मानंवर. मीच गोळा फासला अन् घरला लावून दिला."

सोदामनं फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. आरोग्य केंद्र रविवारचं बंद, ताई त्यांच्या माहेरच्या डोंगरावर. गावच्या मुखियाचा फोन लागेना. शेजाऱ्यांपैकी एकही जण उचलेना, सगळे अजून वरच असतील, कानाशी मशीनं घुमत. अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांनी पत्ता घेतला. तालुक्याची एकच गाडी, तीच मघाची, आता दुसऱ्या कुणाला घेऊन घाटात आहे, मोकळी झाली की पाठवतो म्हणाले.

फोन अजून वाजतोय. उचलत नाही कुणी. म्हणून ती आता समोर दिसेल त्याला सांगतेय, खुर्चीवरच्या त्या बाईला, हात मोडलेल्याला, आणि तुम्हालाही:

तुम्ही जवळपास असाल तर जा. ओढा ओलांडला की चेस्टनटच्या झाडाखाली निळ्या पत्र्याचं घर. दाराला कडी नसते, ढकला. तो म्हणेल, मी बरा हाय, माझं कातडं बैलाचं. ऐकू नका. त्याला चार शब्द बोलायला लावा आणि शब्दाच्या मागं शिट्टी येते का बघा. नाही आली तरी उठून येऊ नका. थोडा वेळ बसा त्याच्यापाशी. मग पुन्हा एकदा विचारा.